विषय गट

कापगते बाबूंनी खिडकीतून फॉर्म सरकवला.
एकाच चौकोनात खूण, म्हणाले, खाडाखोड चालत नाही.
दोनला खिडकी बंद. मग मी जेवायला जातो.

तीन चौकोन.
रसायन, वनस्पती, प्राणी.
रसायन, प्राणी, सूक्ष्मजीव.
रसायन, प्राणी, मत्स्यविज्ञान.
चौथा नव्हताच,
ज्याच्यासाठी दोन वर्षं मी
समाजमंदिराच्या व्हरांड्यात बसले, तिथलाच दिवा रात्रभर राहतो म्हणून,
आणि दुसऱ्यांनी खुणा करून विकलेली पुस्तकं
त्यांच्या खुणांसकट पाठ केली.
नीटमध्ये चारशे एकोणीस.
पेढे वाटायचे की नाही
हे गावात कोणालाच ठरवता आलं नाही.

अर्जुनीचा मामा म्हणाला, एक वर्ष ड्रॉप घे, नागपूरला खोली करू.
त्या 'करू'मध्ये किती पैसे आहेत
ते मामीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.
प्रणोती म्हणाली, वनस्पती घे, पाठ केलं की निघते,
बाकीचा वेळ नीटला.
लंजे सर म्हणाले, सूक्ष्मजीव बरा,
नाहीच जमलं तर लॅबमध्ये लागशील,
डॉक्टरच्या शेजारच्या खोलीत.
शेजारच्या खोलीत.
प्रेमानंच म्हणाले ते.

पावणेदोन. पेनाचं टोपण चावून चपटं झालेलं.
मागे रांगेतली पोरं कुजबुजतात, हिचं झालं नाही का अजून?

मी नऊ वर्षांची होते, मंगळवारचा बाजार,
मायनं पावशीवर मरळ चिरली
आणि आतलं लालभडक काहीतरी
माझ्या तळहातावर ठेवलं, गंमत म्हणून.
ते चालू होतं.
मासोळीचे तर तुकडे होऊन तराजूत गेलेले,
आणि हे माझ्या हातावर
उडत होतं, थांबत होतं, उडत होतं.
मी मोजत बसले. एक्केचाळीसपर्यंत.
मग माय ओरडली, गिराईक उभं आहे, चिल्लर दे.

अकरावीत पुस्तकात भेटलं तेच हृदय,
एक अलिंद, एक निलय,
बाण काढलेले, रंग चुकलेला.
वर्गात कोणाला सांगितलं नाही
की मी हे हातात धरलं आहे.
हाताला वास येतो का, हे बघत राहिले फक्त.

तिसऱ्या चौकोनात खूण केली.
पेन गळत होतं, खुणेचा ठिपका झाला.
बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.
डॉक्टरकीचं सोडलं का मग?
नाही, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत, शिक्का मारला,
डबा उघडायला घेतला.

संध्याकाळी मायनं विचारलं, कोनता विषय भेटला?
सांगितलं.
ती तोंडावर पदर धरून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
"मासोळ्या शिकाले फी भरली तुनं?"
मग राखेत हात घालून मासोळी घासत राहिली.
बऱ्याच वेळानं,
"त्याच्यात मानसाचं कवा येते?"

दुसऱ्या वर्षी, म्हटलं. थोडंसं.
आणि मे महिन्यात परीक्षा आहेच परत.

"बरं."
तिनं पावशी माझ्याकडे वळवली.
"मंग हे सिंगूर तू चीर.
काटे पयले मोड."