छंद : पोहणे

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानात
मी लोकांचे बायोडाटा टाईप करतो.
पानाला वीस रुपये, फोटो चिकटवून पंचवीस.
मजकुराची जबाबदारी आमची नाही
असं काचेवर लिहिलंय,
खरं तर मजकूर बहुतेक माझाच असतो.

एक जुनी फाईल आहे. मूळ कुणा गड्डमची.
त्याचं नाव पुसून नवं नाव घालतो, बाकी तसंच राहतं.
म्हणून आमच्या भागातल्या झाडून सगळ्या पोरांचा
छंद आहे वाचन आणि पोहणे.
इथं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
घागरी धरून उभी असतात तीच पोरं
कागदावर सपासप हात मारत
पार पुण्यापर्यंत जातात.

लूमवर कांड्या भरणारा श्रीहरी
माझ्याकडून प्रॉडक्शन असिस्टंट होऊन गेला.
मामाच्या चादरीच्या दुकानात
दिवाळीपुरता बसलेला इरेश : सेल्स, तीन वर्षं.
थोडं वाढवा की, म्हणतात. मी वाढवतो.
चादरीचं सूत मोजून लावलेलं असतं,
कागदाला तसलं काही नाही.
वाचणारा साहेबही निम्मं वजा करत असेलच.
मग खरं लिहिणाऱ्याचंही निम्मंच उरत असेल,
हे मला रात्री शटर ओढताना सुचतं.
सकाळी सुचत नाही.

परवा बालामणी चिप्पा आल्या.
नखांत तंबाखू, रुमालात गुंडाळलेला फोटो.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
चेकिंगला बायका पाहिजेत म्हणे,
कागद मागितलाय.

शिक्षण?
"सही येते."

अनुभव?
"विड्या वळल्या. लग्नाच्या आधीपासनं."
मी हिशेब केला, तीस वर्षं टाईप केलं.
"सत्तावीस करा.
थोरला दवाखान्यात होता तवा दोन वर्षं
सूप मांडीवर घेतलं नाही,
आणि एक वर्ष कारखानाच बंद."
रोज हजार विड्या, मी म्हणालो.
"पान हजाराचं मिळायचं. व्हायच्या साडेनऊशे.
त्यातनं पन्नास छाट जायच्या.
छाट लिहा."
मावशी, छाट कुणी लिहितं का?
"का? कार्डावर रोज लिहायचे की.
सत्तावीस वर्षं लिहिलेलं
आता कुठं लपवायचं?"

भाषा?
"तेलुगू बोलते. मराठी बोलते.
कन्नड कळतं, पण कुणी कन्नडात भांडलं
तर उलटं उत्तर देता येत नाही."
एवढं मावेल असा रकाना फाईलमध्ये नव्हता.
मी रकाना वाढवला.

छंद? सवयीनं विचारून गेलो.
बराच वेळ गप्प बसल्या.
बाहेर रिक्षावाला सात रस्ता, सात रस्ता ओरडत होता.
"छंद असा काही नाही.
रिकामं बसलं की बोटं आपली मोजत राहतात,
पंचविसाची जुडी झाली की थांबतात.
त्याला काय म्हणायचं?"

मला माहीत नव्हतं.
पोहणे पुसलं, जागा कोरी सोडली.

प्रिंट निघाली. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला,
शाई सुकली का ते बोटानं बघितलं.
पैसे राहू द्या म्हणालो तर चिडल्या,
दहाच्या दोन नोटा काउंटरवर ठेवून गेल्या.

ती नोकरी लागली की नाही, कळलेलं नाही.
पुन्हा इकडं आल्या नाहीत.

माझा स्वतःचा बायोडाटा याच मशीनमध्ये पडून आहे.
मराठी टायपिंग : मिनिटाला साठ शब्द.
काल गिऱ्हाईक नव्हतं,
मोबाईलवर वेळ लावून बसलो.
चव्वेचाळीस.
त्यातली छाट अजून काढायची आहे.