वॉरंटशिवाय

उणे एकतीस.
हॅवरच्या उत्तरेला डांबर संपतं, मग नुसतं पांढरं,
आणि त्या पांढऱ्यात डेल ओस्टबीचा ट्रेलर,
वर टांगलेल्या दोरीसारखा त्याचा धूर.

मी दार वाजवते. वाजवायची गरज नसते तरी.
खाली सही त्याचीच आहे:
प्रोबेशन अधिकारी केव्हाही आत येईल,
वाजवी कारण पुरे, न्यायाधीशाचा कागद नको.
म्हणजे मी त्याची गादी उलटू शकते,
खिसे, डबे, बुटांची टोकं चाचपू शकते,
कपात लघवी मागून
दाराबाहेर घड्याळ बघत उभी राहू शकते.
पट्ट्याला पिस्तूल आहे. अकरा वर्षांत
ते साफ करतानाच तेवढं हातात घेतलंय.
माझ्या आईला अजून वाटतं
मी कुठेतरी फॉर्म भरत बसते.
तेही खोटं नाही.

फ्रीजच्या दारावर मुलीने काढलेला घोडा.
("कुत्रा आहे तो, मिस कोल्स्टाड,"
डेलने मागेच दुरुस्त केलं होतं.)
आत अंडी, शिळं सूप,
आणि पिठाच्या डब्याआड व्हिस्की.
निम्मी.

"कधीपासून?" मी विचारलं, विचारायचं म्हणून.
"रविवार."
चुलीत लाकूड तडकलं.
"तुम्ही मंगळवारी येता ना. वाट बघत होतो."

ऑक्टोबरात मी एकदा काणाडोळा केला होता.
नोव्हेंबरातही.
तो अधिकार कुठल्याच कलमात नाही,
तरी आम्ही सगळे तो खिशात बाळगतो,
सुट्ट्या नाण्यांसारखा.
आज हात घातला तर खिसा रिकामा.

तो आपणहून पाठमोरा झाला,
मनगटं मागे. सवयीचा माणूस.
पण बेड्या नुकत्याच बाहेरून आलेल्या,
या थंडीत पोलाद कातडी सोडत नाही.
मी जॅकेटची चेन उघडली,
त्या काखेत धरल्या.
उभे राहिलो दोघंही,
तो भिंतीकडे, मी त्याच्या मानेकडे बघत,
जणू दूध ऊतू यायची वाट बघतोय.

"चूल विझवू का?"
"राहू दे. मी बघते."
"मांजर?"
"इंगाला सांगते."

मग कोमट झाल्या. मग लावल्या.
फॉर्मवर रकाना होता: बळाचा वापर.
मी लिहिलं, नाही.
बहात्तर तास तुरुंगात, पुढचं सुनावणीत ठरेल.
बाकी उरलं त्याला रकाना नव्हता.

चित्र सोबत नेऊ का, त्याने विचारलं होतं.
कैद्याजवळ कागद चालत नाही.
म्हणून ते माझ्या गाडीत आहे, डॅशबोर्डवर,
हीटर लावला की एक कोपरा फडफडतो.
खूपदा नीट बघितलंय.
मला तरी तो घोडाच वाटतो.