चालायलीय

सेलूच्या बंद जिनिंगची मागची भिंत,
बासष्ट फूट. टेप लावून मोजली.
तिच्यावर एक शेळी चालवायची होती.

म्हणजे शेळी काढायची,
दैवशालानं फोटो घ्यायचा,
मागच्या पायावर पांढरा मारायचा
आणि तोच पाय बोटभर पुढं काढायचा.
पुन्हा फोटो.
सेकंदाला बारा शेळ्या लागतात, ती म्हणाली.
मी वीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस,
खते, बियाणे, मोबाईल दुरुस्ती.
पाटीवरचं अक्षर हललं
तर गिऱ्हाईक पैसे बुडवतं.

चांदपाशा वॉचमन खुर्ची टाकून बसायचा.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
डाव्यात मोतीबिंदू अजून तसाच.
"कामून पुसायलास? बरी निघालती की."
"चालवायलोय, चाचा."
"पुसून?"
"पुसून."
तो विडी शोधत राहिला.
मलाही तेव्हा कुठं पटलं होतं.

एकोणचाळीस दिवस.
ऊन असं की रंग ब्रशातच वाळायचा.
दिवसाला तीन शेळ्या, कधी दोन,
लाइटवाल्यांनी जीप भिंतीला लावली त्या दिवशी एकही नाही.

मग खुर्चीत लॅपटॉप, आम्ही तिघं मातीत.
नऊ सेकंद.
शेळी चालली.
विजेच्या खांबाची सावली तिच्या पाठीवरून
येड्यासारखी इकडून तिकडं उडत होती,
ती आम्ही काढलेली नव्हती.
एका फोटोत चांदपाशाची खुर्ची आली आहे,
सेकंदाचा बारावा भाग. राहू दिली.

मी काढलेली एकही शेळी चालत नव्हती,
एकशेआठच्या एकशेआठ जागच्या जागी उभ्या.
चालणं मी काढलंच नाही.
ते दोन फोटोंच्या मधून आलं,
जिथं कॅमेरा बंद होता
आणि माझ्या हातात पांढऱ्याचा डबा.

"आणखी एकदा लाव," चांदपाशा म्हणाला.
चौथ्या वेळी तो उठून भिंतीकडं गेला,
तळहात टेकवून सरकत राहिला, डोळे मिटून.
"हितं खूर हाय. हितं बी. हितं बी.
हे बग, कान."
डोळ्यांना तिथं फक्त पांढरं होतं
आणि पार टोकाला शेवटची शेळी,
तोंड भिंतीच्या बाहेर गेलेली.
"समद्या हायत की रे. तू कुठं पुसल्यास?"

दैवशाला लॅपटॉप मिटायचं विसरली.

तो बासष्ट फूट तसाच गेला,
खुरांवरून, पोटांवरून, एकशेआठ शेपट्यांवरून,
आणि टोकाशी थांबून म्हणाला,
"चालायलीय."

सगळे गेल्यावर मीही डोळे मिटून हात लावला.
मला नुसती भिंत लागली,
दिवस बुडाला तरी गरम.