मागचं रीडिंग

फेब्रुवारी. पिट्सबर्ग. तळघरातली प्रयोगशाळा.
खिडकी नाही, पण दार उघडलं की
नदीकाठच्या कोक-भट्ट्यांचा कुजक्या अंड्यासारखा वास
जिना उतरून खाली येतो.
तो कोळसाच, आणि माझ्या चिमट्यात आहे तोही कोळसाच:
सात मायक्रॉनचा एक तंतू,
काचेच्या नळीत ओवलेला.
त्याचं टोक कापताना श्वास रोखायचा,
नाहीतर सकाळ वाया.

लोरेटा वॉयचिक उंदराला भूल देते,
डोळ्यांना मलम लावते, कोरडे पडू नयेत म्हणून.
चौदा नंबर.
नाव देत नाही ती कुणाला. नाव दिलं की हात थरथरतो, म्हणते.
मग कवटीला मोहरीएवढं भोक,
आणि तंतू उतरत जातो
ओल्या, उबदार अंधारात.

इतकी वर्षं आम्ही काय केलं?
सेकंदाला दहा वेळा व्होल्टेज चढवलं, उतरवलं,
आणि जे आलं त्यातून आधीचं वजा केलं.
वजा केल्याशिवाय दिसतच नाही काही.
तंतूचा स्वतःचाच प्रवाह हत्तीएवढा,
त्याच्या पोटाखाली डोपामिनची मुंगी.
हत्ती वजा, की मुंगी उरते.
शेपटीला चिमटा: शिखर.
जिभेवर साखरपाणी: शिखर.
शिखरांचे आलेख, शोधनिबंध, टाळ्या.
शिखर नव्हतं तेव्हा जे होतं
ते हत्तीबरोबर गेलं.

बाबा कवठेमहांकाळला मीटर वाचायचे.
सायकल, टॉर्च, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक.
चालू रीडिंग वजा मागचं रीडिंग,
लोक पैसे भरतात ते फरकाचे.
मग उरलेला सगळा आकडा कुणाचा, मी विचारलं होतं.
मीटरचा, ते म्हणाले, आणि पँडल मारलं.

आमच्या फोनवरही तेच चालतं.
दर रविवारी मी: काय विशेष?
ते: मोटार जळाली होती, भरून आणली.
बाबरांच्या मुलीचं ठरलं.
गुडघा तसाच.
मागच्या रविवारपासूनचा फरक तेवढा.
मागचं रीडिंग कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

नवी पद्धत म्हणजे गप्प बसणं.
व्होल्टेज खाली धरून ठेवायचं, दहा सेकंद,
काही म्हणजे काही विचारायचं नाही.
तेवढ्यात आसपास जे असेल ते आपसूक
येऊन कार्बनला बिलगतं,
आणि मग पहिल्याच फेरीत कळतं
वाढलं किती ते नव्हे,
होतं किती.

दुपारी आकडा आला. नव्वदच्या आसपास नॅनोमोलर.
लोरेटानं चष्मा कपाळावर सरकवला:
"म्हणजे हा खूश होता, की नुसताच होता?"
मला माहीत नाही.
भुलीखालच्या विश्रांतीला विश्रांती म्हणावं का
हेही माहीत नाही.
वहीत लिहिलं: अंदाजे.
खाली दोन रेघा मारल्या, त्यातली एक खोडली.
मग चौदा नंबरचं जे व्हायचं ते झालं.
तंतू नेमका कुठे पोचला होता
हे बघायला मेंदूच्या चकत्याच लागतात.

संध्याकाळी बस चुकली.
फिफ्थ अव्हेन्यूवर बर्फाचा काळा चिखल.
रविवार नव्हता, तरी फोन लावला.
तिकडे पहाट.
"बोल," ते म्हणाले.
काय विशेष, असं मी म्हटलं नाही.
एक. दोन. तीन.
गॅसची फुरफुर.
त्यांचा श्वास, नाकातून, किंचित शीळ घालणारा,
जो नऊ वर्षं मी वजा करत आले.
सहा.
बशीवर कप ठेवल्याचा आवाज,
एकाच कपाचा.
आठ. नऊ.
"लाईन आहे ना?" बाबांनी विचारलं.
आहे, म्हटलं.
चालू आहे.