नाला कुठल्या रंगाचा होता

रविवारी क्लबहाउसात जमलो आम्ही,
गणात्रा चाळीतले उरलेसुरले, बावीस जण.
रंगखान्यामागची चाळ म्हटलं की
भांडुपचे रिक्षावाले आता विचारतात,
कुठला रंगखाना?

मोरेश्वरने भिंतीवर फोटो पाडला.
त्याच्या मामाच्या कॅमेऱ्यातला, काळा-पांढरा,
बहात्तरचा असेल, नाहीतर त्र्याहत्तरचा.
नाल्याच्या कठड्यावर आम्ही आठ पोरं,
पाय खाली सोडून,
आणि खाली पाणी. करडं.

निळं होतं त्या दिवशी, फिलोमिना म्हणाली.
छट्, लाल! सोमवारी लाल सोडायचे.
सोमवारी कुठलं? सोमवारी बॉयलर बंद.
वडे गार झाले तरी वाद संपेना.

चिंचोके लावायचो आम्ही रोज सकाळी,
आज कुठला रंग येणार यावर.
बबन कधी हरला नाही.
त्याचा बाप आत पिंपं ढवळायचा
आणि रात्री मोरीत थुंकायचा
तो उद्याचा रंग.
बबननेच सांगितलं होतं हे, फुशारकीने.

आणि तो कुत्रा आठवतो का,
पोटापर्यंत हिरवा?
हसून हसून डोळे पुसले सगळ्यांनी.
बबनचा बाप बेचाळिसाव्या वर्षी गेला,
कुणीतरी म्हणालं,
तरी हसू लगेच थांबेना,
घरंगळत राहिलं थोडं पुढे.

मग ते ठरलेलं वाक्य आलं:
दारं कशी सताड उघडी असायची आपली!
आता शेजारी मेला तरी पत्ता लागत नाही.
माना डोलल्या. माझीही डोलली.
खोटं नव्हतंच ते.
आई तापाने पडली तेव्हा
तीन घरांतून पेज आली होती,
आणि माझी दहावीची फी
खेडेकरकाकूंनी पिठाच्या डब्यातून काढली,
नोटा झटकत, पीठ उडवत.

पण फोटोच्या डाव्या कडेला
एक पडदा आहे.
पडद्याबाहेर एक हात, कोपरापासून पुढे.
सवाष्णीचा हात,
आणि मनगटात एकच बांगडी.

सुमतीवहिनी. सात नंबर.

दारं उघडी होती
म्हणून तर सगळं ऐकू यायचं.
आणि ऐकू यायला लागलं की
आधी आमचे अण्णा उठायचे,
रेडिओचा कान पिळायचे.
मग सहा नंबर. मग आठ.
एकच गाणं तीन खोल्यांतून,
दारं तशीच उघडी.
चाळीला गाण्याची भारी आवड होती,
कुणालाही विचारा.
मला ती गाणी अजून पाठ आहेत,
कडव्यांमधल्या जागांसकट.

ह्या कोण, मी विचारलं. ओळखत असून.
फिलोमिनाने चष्मा लावला. काढला.
कडेला जरा अंधुक आलाय, मोरेश्वर म्हणाला,
पुढचा लावतो.
पुढच्यात दहीहंडी होती.
सगळे एकदम बोलू लागले.

निरोप द्यायला खाली पार्किंगपर्यंत गेले.
चाळीच्याच जागेवरचा हा टॉवर,
चौदाव्या मजल्यावर मी,
आणि नाला इथे लादीखाली.
झाकणाला दोन भोकं आहेत.
गाड्या गेल्यावर गुडघ्यावर हात ठेवून वाकले.
दिसलं काही नाही.
वास आला, साध्या गटाराचा,
आणि मी, कुणाला सांगू नका,
थोडी हिरमुसले.

पाणी हिरवं होतं त्या दिवशी.
मला पक्कं ठाऊक आहे.
मोरेश्वरचा मामा म्हणत होता, हला नका, हला नका,
तेवढ्यात पडद्याआडून वहिनी हळूच म्हणाल्या,
अगं मागे सरक, फ्रॉक सांभाळ.
हिरवा डाग जात नाही.
आई मारेल.

मी सरकले.
फोटोत म्हणूनच माझा चेहरा
जरासा हललेला आहे.