पाळी

नळ गळतोय. मंगळवारपासून.
खाली इनॅमलचं घमेलं ठेवलंय, ते भरतं, मी ओतते,
सहावा मजला, लिफ्ट बंद,
आणि प्लंबर ल्यू म्हणतो, ताई, नंबर लावलाय ना,
तुमची पाळी आली की येतो.

फोन वाजला तेव्हा हातात पान्हा होता.
मला वाटलं, ल्यूच.
"निवासी समितीतून बोलतेय. शेवटची पाळी कधी आली?"
इतक्या सहज
की मी पाण्याच्या मीटरचा आकडाच सांगणार होते.

"गेल्या महिन्यात तुम्ही सोळा तारीख सांगितली होती.
आली नसेल तर अभिनंदन,
गोळ्या मोफत आहेत, खालून घेऊन जा.
आली असेल, तर काही अडचण आहे का?"

अडचण.
आहे ना, लिही.
नळ आहे. लिफ्ट आहे.
मुलाखतीत विचारतात, लग्न झालंय, मूल नाही,
म्हणजे आता होणार,
कळवू म्हणतात, आणि कळवत नाहीत.
पाळणाघराची फी अर्ध्या पगाराहून थोडी जास्तच.
नवरा चंगचौला, महिन्यातले दोन रविवार घरी,
त्यातला एक तो झोपून काढतो.
यातलं काहीच बोलले नाही.
"आली," म्हणाले, "परवा."
पलीकडे कीबोर्डची टकटक.
माझं रक्त टाइप होत होतं.

आई टेबलाशी भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.
डाव्या कानाने तिला काही ऐकू येत नाही.
"कोण गं?"
"समिती."
तिचा हात शेंगेवरच थांबला.

ब्याण्णव साली आमच्या गावात फोन नव्हता.
ते ट्रॅक्टर घेऊन आले.
मी तीन वर्षांची. एवढंच आठवतं की
डुक्कर नेलं, दाराची फळी नेली,
घर किती तरी दिवस तोंड वासून होतं.
आणि आईला नेलं.
परत आली ती पायी,
आणि तिच्या कोटाची बटणं
सगळी लागत होती.

दंडाची पावती बिस्किटाच्या डब्यात आहे.
तीन-चार घरं बदलली, डबा बरोबर आला.
त्यावर गोल लाल शिक्का.
गोळ्यांच्या पाकिटावरही गोल, लाल.
मी दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.
डोळे काय,
उगाच कशाला कामाला लावायचे.

आईने हात पुढे केला. फोन उजव्या कानाला लावला.
"पोरी, माझी नाही विचारलीस."
"मावशी, तुमचं वय?"
"चौसष्ट."
"मग तुमची गरज नाही हो."
"तेव्हा होती," आई म्हणाली.
आवाज चढला नाही, बाजारात भाव विचारावा तसा.
"एक आहे ना, तुझी पाळी संपली, म्हणाले.
सातवा महिना होता.
हे कुठल्या रकान्यात लिहितेस?"

टकटक थांबली.
नळ तेवढा बोलत राहिला.
"मावशी," पलीकडची मुलगी म्हणाली,
"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."
फोन मात्र तिने ठेवला नाही.
मागे कुणीतरी चहाचं झाकण आपटलं, कुणीतरी हसलं,
मग अगदी खालच्या आवाजात,
"मलाही विचारतात. सोमवारी. सगळ्यांसमोर."

"मग काय सांगतेस?" आईने विचारलं.
"काहीही," ती म्हणाली. "कधी तेरा, कधी एकवीस."
आई हसली. मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं,
एका बाजूने, दात न दाखवता.
"शहाणी आहेस," म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला
शेंगांच्या टरफलांवर.

घमेलं काठोकाठ आलं होतं.
मी पान्हा खाली ठेवून उठले,
तर आईने गुडघ्यावर हात टेकत मला मागे सारलं.
"बस तू," म्हणाली.
"आता माझी पाळी."