डावा कान

पावतीबुकात चार रकाने: रंग, वय, खूण, चाल.
पंचायत समितीतून पाच दिवसांसाठी मला
माळेगावच्या घोडेबाजारात बसवलेलं.
मार्गशीर्षातली थंडी, टेबलाचा एक पाय आखूड,
आणि घोडा मला ठाऊक तो फक्त वरातीतला.

पहिल्याच पावतीवर रंग लिहिला: तपकिरी.
शेजारी नाल ठोकणारे हबीबसाब हसले.
"तपकीर नाकात वढतेत, साहेब. ह्याला कुमैत म्हणतेत.
चारी पाय आन् तोंड पांढरं, ते पंचकल्याणी.
ठिगळाठिगळाचा, तो अबलख."
वय दातांत बघायचं, भोवरा कपाळावर,
आणि चाल डोळे मिटून लिहायची.

मी डोळे मिटले.
कदम: चार टापा, सुट्या सुट्या,
रिकाम्या घरात कुणी सामान लावतंय तशा.
दुडकी: दोनच, तिरप्या जोडीनं.
रवाल: एका अंगाचे दोन्ही पाय संगं,
वर बसून चहा प्यावा, बशीत सांडणार नाही.
आणि भरधाव सुटलं की मधेच
एक टाप ऐकूच येत नाही.
"तव्हा घोडं जमिनीवर नसतंय,"
हबीबसाब म्हणाले, ओठांत खिळे धरून.
त्या टापेला रकाना नव्हता.

कानांनाही नव्हता.
मागं चिकटले की राग, पुढं टोचले की नवल.
सैल पडले आणि मागचा एक पाय नुसता टेकलेला
तर ती उभ्यानं झोप;
मागून जायचं नाही,
आधी बोलायचं, मग हात लावायचा.
हे मी घरीही करून पाहिलं. उपयोग होतो.

चौथ्या दिवशी कुमैत घोडी आली.
सहा वर्षांचे दात, चाल रवाल, आयाळ तेलानं चोपडलेली.
विकणारा गंगाखेडकडचा, घाईत.
घोडी फुरफुरत नव्हती, लाथ झाडत नव्हती,
फक्त डावा कान वळायचा,
थांबायचा, पुन्हा वळायचा,
कुणाचा तोबरा हलला तरी,
मी पान उलटलं तरी.
उजवा आपला स्वस्थ.
हबीबसाबांकडं पाहिलं. ते ऐरणीकडं बघत होते.
डाव्या बाजूनं मी पेन फिरवलं, डोळ्याजवळ.
पापणी लवली नाही. कान वळला.

घेणारा मुखेडचा ग्यानबा बोईनवाड,
थुंकी लावून नोटा मोजत होता.
खुणेच्या रकान्यात मी लिहिलं: डावा कान जागा.
आणि मोठ्यानं वाचलं.
विकणारा खोगिराचा तंग आवळू लागला,
आवळलेलाच.

ग्यानबानं मोजणं थांबवलं नाही.
"सकाळीच कळालंय मला," म्हणाला,
"म्हणून तर सात हजार तोडले."
मग वळसा घालून तो तिच्या डाव्या अंगाला गेला,
मानेवर हात टाकला, आणि सांगत सुटला
मुखेडपर्यंतची वाट:
कुठं पूल, कुठं खडी, कुठली कुत्री अंगावर येतात.
डावा कान त्याच्याकडं वळला
आणि वळलेलाच राहिला.

चार टापा, मधे मधे वहाणा,
लांबपर्यंत ऐकू येत होत्या.

संध्याकाळी हिशेबात एक पावतीफी कमी भरली.